दोन चमच्यांचे चिलखत

सायकलीच्या फ्रेमला रंग किती लागतो, याचा हिशेब तुम्ही कधी केला आहे काय? नसेल तर आज करू या. वहीच्या कोपऱ्यात मावेल एवढाच तो आहे.

घरात मोठ्या चाकांची साधी सायकल असेल तर तिच्या नळ्या दोऱ्याने मोजा. वरचा आडवा दांडा, खालचा तिरपा दांडा आणि सीटखालची उभी नळी या तिघांची लांबी मिळून १७० सें.मी.च्या घरात भरेल. दोरा नळीभोवती गुंडाळून पाहिला तर घेर येतो सुमारे ९ सें.मी. म्हणजे १,५३० चौ. सें.मी. क्षेत्रफळ झाले. मागचे चाक धरणाऱ्या चार बारीक नळ्या, पुढचा चिमटा आणि हँडल ज्यात बसते ती आखूड नळी यांची भर घातली, की एकूण सुमारे ३,३०० चौ. सें.मी. होतात, एका चौरस मीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. सुकलेल्या ऑइल पेंटचा एक थर साधारण ३० मायक्रॉन जाडीचा असतो, आणि मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. आता ३,३०० ला ०.००३ सें.मी.ने गुणा. उत्तर येते सुमारे १० घन सें.मी. खोकल्याच्या औषधाबरोबर ५ मि.लि.चा चमचा मिळतो ना, तसे दोन चमचे!

तुमच्या वहीचे पान या थराच्या दुपटीहून जाड असते. एवढ्या पातळ चिलखताच्या भरवशावर लोखंडी सायकल वर्षानुवर्षे उन्हापावसात उभी राहते. तेव्हा रंग हिरवा घ्यावा की निळा, महागाचा घ्यावा की स्वस्ताचा, याला मी फारसे महत्त्व देत नाही. थर लोखंडाला किती घट्ट चिकटला आहे आणि त्याच्या खाली काय दडले आहे, यावर सारे अवलंबून असते. सायकल रंगवायला काढणारे बहुतेक जण मात्र रंगाची छटा निवडण्यात दोन दिवस घालवतात आणि फ्रेम घासण्यात अर्धा तास!

लोखंडाच्या अंगावरची बॅटरी

गंज म्हणजे लोखंड व प्राणवायू यांचा संयोग, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहे. पण कोरड्या हवेत प्राणवायू भरपूर असूनही लोखंड गंजत नाही आणि उकळून हवा काढून टाकलेल्या पाण्यात बुडवून झाकले तरी गंजत नाही. पाणी व प्राणवायू दोन्ही एकत्र हवेत. असे का? कारण गंजण्याची क्रिया ही मुळात एक विद्युत्‌क्रिया आहे. पृष्ठभागावर एका जागी लोहाचे अणू इलेक्ट्रॉन मागे टाकून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन लोखंडातूनच वाहत दुसऱ्या जागी जातात आणि तेथे पाण्यातला प्राणवायू त्यांना घेतो. दोन जागांमधले मंडल पूर्ण करते ते पाणी. पाण्यात मीठ असेल तर त्याची वाहकता वाढते आणि ही नकोशी बॅटरी जोरात चालू लागते.

यातली एक गंमत अशी की लोखंड झिजते ते जेथे प्राणवायू कमी पोहोचतो तेथे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात खाऱ्या पाण्याचा एकेक थेंब लोखंडी पत्र्यावर ठेवून हे दाखवून दिले. थेंबाच्या कडेला हवा सहज मिळते, मध्यभागी मिळत नाही. आणि खड्डा पडतो तो मध्यभागी. कडेचा प्राणवायू इलेक्ट्रॉन ओढत राहतो आणि किंमत मध्यभागचे लोखंड मोजते.

आता हा थेंब मनात ठेवून आपल्या मराठवाड्यातली सायकल पाहा. मुदखेडच्या आसपासची जमीन काळी, चिकण. पावसाळ्यात शेतरस्त्याने दोन फर्लांग गेले की मडगार्ड आणि चाक यांमध्ये चिखल असा गच्च बसतो की चाक फिरेनासे होते. काडीने उकरून आपण वाट मोकळी करतो, पण पायडलच्या मागच्या बेचक्यात, दोन नळ्यांच्या सांध्यात जो गोळा राहतो तो चार-चार दिवस ओला असतो. त्या गोळ्याखाली प्राणवायू कमी, बाजूला भरपूर. इव्हान्स यांचा थेंबच तो, फक्त मुठीएवढा! अर्धापूर-मुदखेड हा केळीचा आणि फुलांचा टापू. म्हणजे पाणी आणि खत दोन्ही आले. कॅरिअरवरून खताचे पोते नेताना जे दाणे सांडतात त्यांत पुष्कळदा म्युरिएट ऑफ पोटॅश असते. हे पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या मिठाचे सख्खे भावंड. वरच्या दांड्यावर गळणाऱ्या घामातही मीठ असतेच.

आपल्याकडे सायकल ही चैनीची वस्तू नाही. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाची व्याप्ती २०११ मध्ये १२५ मागास तालुक्यांपर्यंत वाढवली गेली आणि त्यातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात येऊ लागल्या. अशी सायकल पाच वर्षे टिकली पाहिजे. बाहेर उघड्यावर ठेवलेली सायकल दोन पावसाळ्यांतच सांध्यांपाशी तांबूस होऊ लागते, आणि साध्या सायकलीच्या नळीची भिंत मिलीमीटर-दीड मिलीमीटरचीच असते. मुलीची शाळा चालू राहणे जर सायकलीवर अवलंबून असेल, तर हे दोन चमचे काही क्षुल्लक नव्हेत.

आधी मोडतोड नाही ना ते पाहा

रंगकामाची सुरुवात ब्रशाने होत नाही, पान्याने होते. चाके, हँडल, चेन, पायडल, क्रँक, छर्रे सगळे काढून फ्रेम आणि चिमटा मोकळा करा. (इंग्रजीतल्या ‘ओव्हरहॉलिंग’ला आपले सायकलवाले ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. चुकीचे असले तरी मला ते फार आवडते. शेवटी तेल तर घालायचेच असते!) छर्रे कुठल्या वाटीत किती होते, याची नोंद करून ठेवा.

मग सांधे नीट तपासा. हँडलची नळी आणि तिरपा दांडा जेथे मिळतात तेथे, सीटच्या पट्ट्याजवळ आणि मागच्या चाकाच्या खाचेपाशी केसाएवढी चीर असू शकते. नवा रंग अशी चीर झाकून टाकतो आणि सायकल चकचकीत दिसत असतानाच एक दिवस सांधा सुटतो. चीर शोधण्याची एक जुनी युक्ती सांगतो. रेल्वेच्या कर्मशाळांत आगगाडीच्या आसांमधल्या भेगा याच रीतीने शोधत. संशयित जागा स्वच्छ घासून तिच्यावर रॉकेल लावा. ते आता सहज मिळत नाही, तेव्हा डिझेल किंवा शिलाई-यंत्राचे पातळ तेल चालेल. दहा मिनिटांनी फडक्याने कोरडे पुसा आणि वर खडूची भुकटी चोळा. चीर असेल तर केशाकर्षणाने आत शिरलेले तेल खडूत शोषले जाऊन बाहेर येते आणि पांढऱ्या भुकटीवर काळसर रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर रंगाचा डबा बाजूला ठेवा आणि आधी वेल्डिंगवाल्याकडे जा. नळीवर बोथट स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून पाहा. एखाद्या जागी टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा पत्रा दबला, तर ती फ्रेम आतून खाल्ली गेली आहे. ती रंगवण्यात अर्थ नाही.

आणखी एक. सायकल फार जुनी असेल तर ती रंगवावीच का, याचाही विचार करा. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९८० साली कायदा करून त्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे तो बंद पडला. आजोबांच्या सायकलीवर त्याचे किंवा एखाद्या इंग्रजी कंपनीचे पितळी बोधचिन्ह असेल, काळ्या रंगावर हाताने ओढलेली सोनेरी रेघ शिल्लक असेल, तर तो रंग खरवडणे मला गुन्हा वाटतो. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकलींचे संग्रहालय २०१७ पासून आहे. अशा जुन्या सायकलींची किंमत काय असते ते तेथे कळते. तिला धुऊन, गंजलेल्या ठिपक्यांपुरती डागडुजी करून वर मेण चोळावे, बस्स.

घासताना सावध

जुना रंग काढायला पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश पुरतो. पण येथे एक धोका आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मारुतीला वाहतात तो पारंपरिक शेंदूर तुम्हाला ठाऊक आहे. तो शिशाचा एक ऑक्साइड. जवसाच्या तेलात कालवलेला हाच शेंदूर पूर्वी पूल, जहाजे व यंत्रे यांच्या लोखंडावर पहिला हात म्हणून देत असत, कारण तेलाशी त्याची क्रिया होऊन तयार होणारे पदार्थ गंज रोखतात. पिवळ्या व नारिंगी रंगांतही शिशाचे क्रोमेट असे. गुण उत्तम, पण शिसे विषारी! ते लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते आणि त्याची कुठलीही मात्रा निर्धोक मानली जात नाही. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम लागू आहे. तो कारखान्यांत वापरायच्या रंगांसाठी नाही, आणि जुन्या सायकलीवरचा रंग तर त्याच्याही आधीचा.

म्हणून जुना रंग कोरडा कधीच घासू नये. पाण्यात चालणारा पॉलिश पेपर घ्या, फ्रेम ओली ठेवा, म्हणजे धूळ उडणार नाही. काम अंगणात, खाली जुनी वर्तमानपत्रे पसरून करा. स्वयंपाकघराजवळ नको, लहान भावंडे जवळ नकोत. नाकातोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, धूळ अडवणारा मास्क हवा. काम झाल्यावर तो गाळ कागदांसकट गुंडाळून पिशवीत बंद करा. विहिरीकडे किंवा फुलझाडांच्या वाफ्यात धुऊन सोडू नका. हात साबणाने धुतल्याशिवाय खाणे नाही. दिव्याच्या ज्योतीने रंग जाळून काढण्याची एक रीत आहे. ती तर मुळीच वापरू नका, कारण तिच्यात शिसे धुरावाटे थेट फुप्फुसात जाते.

घासायचे कुठवर? फुगे आलेला, पोपडे सुटणारा रंग आणि त्याखालचा गंज पूर्ण निघेपर्यंत. गंजाचे आकारमान तो ज्या लोखंडापासून झाला त्याच्या दोन ते सहा पट असते. तो रंगाखाली वाढू लागला की आतून रेटा देतो आणि रंग उचलला जातो. गंजावर रंग देणे म्हणजे फुगणाऱ्या भिजल्या हरभऱ्यांवर झाकण घट्ट बसवण्यासारखे आहे. जेथे जुना रंग घट्ट चिकटून आहे तेथे तो उतरवण्याचा हट्ट नको. वरवर घासून खरखरीत केला की पुरे.

खड्ड्यांतला गंज मात्र पेपरने निघत नाही. त्यासाठी रंगाच्या दुकानात फॉस्फरिक आम्ल असलेले द्रावण मिळते. ते उरलेल्या गंजाशी संयोग पावून लोहाचे फॉस्फेट तयार करते. हा थर चिवट असतो आणि रंगाला धरून ठेवतो. फॉस्फेटने लोखंडाचे रक्षण करण्याचे पेटंट बर्मिंगहॅमच्या टी. डब्ल्यू. कॉस्लेट यांनी १९०६ साली घेतले आणि इंग्लंडमधल्या सायकल कारखान्यांनी ही कृती लवकरच उचलली. पण दिल्लीत मेहरौलीला सुमारे १,६०० वर्षे उघड्यावर उभा असलेला लोहस्तंभ याच तत्त्वाचा जुना साक्षी आहे. कानपूरच्या आय.आय.टी.मधील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी केलेल्या अभ्यासातून दिसले, की त्या लोखंडात आजच्या पोलादापेक्षा फॉस्फरस बराच जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला आहे. आपण बाटलीतून जे लावतो, ते त्या लोहारांच्या भट्टीत आपोआप साधले. आम्ल हाताळताना रबरी हातमोजे व चष्मा घाला आणि हे काम शिक्षक किंवा घरातले मोठे माणूस जवळ असतानाच करा. बाटलीवर लिहिलेल्या वेळेनंतर फ्रेम पुसून वा धुऊन लगेच वाळवा.

शेवटी फ्रेमवर स्वच्छ पाणी ओतून पाहा. पाणी सलग पडद्यासारखे पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. जेथे त्याचे थेंब होऊन ते फाटते, तेथे तेलाचा किंवा बोटांचा ओशटपणा उरला आहे. पाण्याचा पृष्ठताण ही तुमची तपासनीस! त्या जागा पुन्हा साबणाने धुवा, फ्रेम उन्हात कडकडीत वाळू द्या आणि मग तिला उघड्या हाताने शिवू नका.

गंजाने गंज रोखायचा

आता पहिला हात, म्हणजे प्रायमर. मुदखेड जंक्शनवर उभी असलेली मालगाडी पाहा. तिच्या वाघिणींचा तांबूस तपकिरी रंग म्हणजे काय ठाऊक आहे? लोहाचा ऑक्साइड! आपण अंगण सारवताना कडेला जो गेरू लावतो त्याचाच हा शुद्ध अवतार, ‘रेड ऑक्साइड’. म्हणजे गंज टाळण्यासाठी आपण रसायनदृष्ट्या गंजाचाच भाऊबंद लावतो. वरवर हा विरोधाभास वाटेल. पण लोखंडावर आपोआप आलेला गंज म्हणजे विटांचा विस्कळित ढीग. त्यात फटी असतात, पाणी शिरून बसते. प्रायमरमध्ये त्याच जातीचे बारीक, कोरडे कण राळेच्या किंवा तेलाच्या चुन्यात बसवून रचलेली भिंत असते. शिवाय लोह आधीच प्राणवायूशी संयोग पावून बसलेले असल्यामुळे त्या कणांचे आणखी काही बिघडायचे उरलेले नाही. डब्यावर ‘झिंक क्रोमेट’ असे लिहिले असेल तर तो न घेणे बरे, क्रोमेट आरोग्याला घातक आहे. ‘झिंक फॉस्फेट’ असलेला मिळतो, तो घ्या.

प्रायमर सुकल्यावर बारीक पेपरने हलके घासून, पुसून, वर रंगाचे दोन किंवा तीन पातळ हात द्यायचे. येथे बहुतेकांचे हात घाई करतात. एकाच वेळी जाड थर दिला की नळीच्या खालच्या अंगाला ओघळ येतात. उभ्या पृष्ठभागावर घसरणाऱ्या द्रवाचा ओघ थराच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी दुप्पट केली की ओघ दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट! तिप्पट केली तर सत्तावीसपट. म्हणून ६० मायक्रॉनचा एक थर देण्याऐवजी ३० मायक्रॉनचे दोन थर द्यावेत, हे रंगाऱ्याला गणित न शिकता कळलेले असते. रंग दाबाने फवारणारा डबा वापरलात तर तो २०-२५ सें.मी. अंतरावर धरून सतत हलता ठेवा, आणि मोकळ्या हवेत, जवळपास चूल किंवा दिवा नसताना वापरा.

हंगामही पाहावा लागतो. रंगातला थिनर उडून जाताना बाष्पीभवनाची उष्णता फ्रेमकडूनच घेतो; हातावर स्पिरिट लावल्यावर गार वाटते तसेच हे. समजा, श्रावणातला दिवस आहे, हवेचे उष्णतामान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के. तेव्हा दवबिंदू येतो २६ अंशांच्या जवळ. म्हणजे ओला रंग चारच अंशांनी थंडावला की हवेतली वाफ त्याच्यावर दव होऊन बसते आणि चकाकी जाऊन रंग दुधाळ होतो. दिवाळीनंतर दुपारी २८ अंश उष्णतामान व ४० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १३ अंशांवर जातो; मग पंधरा अंशांचे अंतर हाताशी असते. वैशाखात उलटा त्रास. चाळिशी ओलांडलेल्या उन्हात फवाऱ्याचे तुषार फ्रेमवर पोचण्याआधीच वाळतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो, वर फुफाटाही चिकटतो. तेव्हा आपल्या भागात या कामाला कार्तिक ते माघ हे महिने चांगले, आणि वेळ सकाळी दहा ते दुपारी तीनची.

कारखान्यातली रीत

जुन्या सायकली बहुतेक सगळ्या काळ्याच का असत? डांबरासारखा पदार्थ व जवसाचे तेल यांचे मिश्रण लोखंडावर चढवून भट्टीत भाजले की कठीण, चकचकीत काळे एनॅमल तयार होई. भाजल्याने रेणूंची एकमेकांशी जाळी विणली जाते, म्हणून ते ब्रशाने दिलेल्या रंगापेक्षा कितीतरी टणक. घरी ही भट्टी कुठून आणणार?

आज त्याची जागा पावडर कोटिंगने घेतली आहे. लोखंडी कपाटे व खिडक्यांच्या चौकटी रंगवणारी अशी दुकाने मोठ्या शहरांच्या औद्योगिक वसाहतींत असतात आणि त्यांतली काही सायकलीची फ्रेमही घेतात. येथे थिनर नाही, द्रव नाही. पिठासारखी कोरडी पूड असते. बंदुकीच्या टोकाशी ६० हजार ते १ लाख व्होल्ट एवढा दाब असतो, प्रवाह मात्र अगदी क्षुल्लक. टोकाजवळून जाणाऱ्या कणांवर विद्युत्‌भार बसतो. फ्रेम आकड्याला टांगून जमिनीशी जोडलेली असते. केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसे हे कण फ्रेमकडे ओढले जातात. बलरेषा फ्रेमला वळसा घालून मागच्या बाजूलाही पोचतात, म्हणून समोरून फवारले तरी नळीच्या पाठीवरही पूड बसते. पूड विद्युत्‌रोधक असल्याने तिच्यावरचा भार लगेच निघून जात नाही आणि ती चिकटून राहते. थर वाढला की त्यावर साठलेला भार नव्या कणांना दूर ढकलतो. त्यामुळे जाडी स्वतःच आवरली जाते. न चिकटलेली पूड गोळा करून पुन्हा वापरता येते. मग फ्रेम १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दहा-वीस मिनिटे ठेवली की पूड वितळून एकजीव होते आणि तिच्यात ती रेणूंची जाळी तयार होते. थर बसतो ६० ते ८० मायक्रॉनचा.

पण पदार्थविज्ञान येथे एक उणीवही दाखवते. दोन नळ्यांच्या आतल्या बेचक्यात विद्युत् क्षेत्र जवळजवळ शून्य असते, कारण बलरेषा जवळच्या कडांवरच संपतात. मायकेल फॅरडे यांचा पिंजरा तुम्ही वाचला असेल, तोच हा. म्हणजे जेथे चिखलाचा गोळा अडकतो नेमक्या त्या कोपऱ्यात पूड सर्वांत कमी बसते! चांगला कारागीर दाब कमी करून तो कोपरा आधी भरतो. फ्रेम परत आल्यावर तुम्ही सर्वांत आधी तोच कोपरा पाहा.

मग घरी रंगवावी की दुकानात द्यावी? दुकानाचा खरा फायदा मला पावडरीत दिसत नाही, तो त्याआधीच्या साफसफाईत दिसतो. दाबाने पोलादाच्या कणांचा मारा केला की खड्ड्याखड्ड्यांतला गंज निघतो. हाताने ते कधीच साधत नाही. तेव्हा दुकानदाराला भाव विचारण्याआधी “कोटिंगच्या आधी काय करता?” असे विचारा. “नुसते पुसून घेतो” असे उत्तर आले तर घरचा ब्रश बरा. उघड्यावर नदीच्या वाळूचा मारा करत असतील तर तेथे उभेही राहू नका. ती धूळ फुप्फुसांचा कायमचा आजार देते. रोजच्या वापरातल्या, खताची पोती वाहणाऱ्या सायकलीला घरचा ऑइल पेंट पुष्कळ. ओरखडा पडला की त्याच डब्यातला थेंब लावता येतो. पावडरीचा थर एकदा फुटला की पाणी त्याच्या कडेने आत सरकत जाते आणि वरून काहीच दिसत नाही. फ्रेम बरीच गंजलेली आणि तरीही शाबूत असेल, तर पैसे खर्चून शहरात पाठवणे योग्य. अॅल्युमिनियमच्या फ्रेमचे बळ उष्णतेच्या संस्कारातून आलेले असते, म्हणून तिला भट्टीत घालण्यापूर्वी उष्णतामानाची चौकशी हवीच. मोटारींसाठीचे दोन डबे मिसळून तयार होणारे पॉलियुरेथेन रंग घरी फवारू नका. त्यांतील आयसोसायनेटमुळे दमा जडतो.

घरी असो वा दुकानात, छर्ऱ्यांच्या वाट्या आणि आटे यांच्यावर रंग जाऊ देऊ नका. आधी चिकटपट्टी लावा किंवा चिंध्या ठासा. पायडलच्या नळीच्या तळाशी एखादे लहान भोक असेल तर ते बुजवू नका. सीटच्या नळीतून आत गेलेले पाणी तेथून निथळते, आणि नळीच्या आतल्या बाजूला तर कुठलाच रंग पोचत नाही. तेथे थोडे जुने तेल ओतून फ्रेम उलटसुलट फिरवावी. फ्रेमवर ठोकलेला क्रमांक लांबीने भरून टाकू नका, सायकल चोरीला गेली तर तोच उपयोगी पडतो. आणि ऑइल पेंट हाताला कोरडा लागला तरी आतून कठीण व्हायला आठवडा-दोन आठवडे घेतो. तोवर कॅरिअरचे पट्टे आवळू नका.

सायकल हाताशी नसेल तर चार खिळे घ्या. पहिला घासून तसाच ठेवा. दुसरा गंजलेला असू द्या आणि त्याच्यावर नुसता रंग लावा. तिसरा स्वच्छ घासून त्याला प्रायमर व रंग द्या. चौथा तिसऱ्यासारखाच तयार करून, पूर्ण वाळल्यावर टाचणीने त्याच्यावर एक ओरखडा काढा. चारही खिळे मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसावर एका बशीत ठेवा, कापूस वाळू देऊ नका, आणि पंधरा दिवस रोज एका ओळीत नोंद करा. दुसऱ्या खिळ्यावर पहिला फुगा कोणत्या दिवशी येतो ते लिहा. पंधराव्या दिवशी चौथ्या खिळ्याच्या ओरखड्याच्या कडेचा रंग नखाने हळूच उचला आणि गंज किती मिलीमीटर आत सरकला आहे ते पट्टीने मोजा.